रात्री कोण कुणाशेजारी झोपलं होतं?

कोरेगावकडचा वाघ्या घेवडा ज्यांनी सुपात घेऊन निवडला आहे, त्यांना मेंदूज्वराचा जंतू मेनिंगोकॉकस ओळखायला वेळ लागणार नाही. घेवड्याचे दोन दाणे घ्यावेत आणि त्यांच्या आत वळलेल्या बाजू समोरासमोर आणून ठेवाव्यात. अंगावरचे पट्टे सोडले तर सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू हुबेहूब तसाच दिसतो. ग्रॅमच्या पद्धतीने रंगवल्यावर गुलाबी झालेली जोडी, आणि बऱ्याचदा ती जोडी पांढऱ्या पेशीच्या पोटातच बसलेली असते. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या थेंबात ती दिसली, की प्रयोगशाळेतला माणूस रिपोर्ट छापून होण्याची वाट पाहत नाही. तो सरळ वॉर्डात फोन लावतो.

घाई करण्याचं कारण आहे. सकाळी कणकण आणि अंगदुखी घेऊन घरात पडलेला धडधाकट मुलगा संध्याकाळी बेशुद्ध होऊ शकतो, असे आजार फार थोडे आहेत आणि हा त्यातला एक आहे. योग्य प्रतिजैविक मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. जंतू रक्तात पसरून रक्तदाब कोसळला, तर हे प्रमाण शंभरात चाळिसापर्यंत जातं. वाचलेल्यांपैकीही दहा-वीस टक्के जणांना काही ना काही कायमचं सोसावं लागतं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाची बोटं काळी पडून काढावी लागतात, तर कुणाला फेफरं येऊ लागतं.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, मेंदूज्वर. घरोघरी म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला’. हा शब्द फार मोठी गोणी आहे. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर त्यात, क्षयाच्या जंतूने मेंदूच्या आवरणाला आलेली सूज त्यात, एचआयव्ही झालेल्यांना बुरशीमुळे होणारा आजार त्यात आणि न्यूमोनिया घडवणारा न्यूमोकॉकसही त्यात. या प्रत्येकाची चाल वेगळी. क्षयाचा मेंदूज्वर आठवड्यांच्या हिशेबाने चालतो, मेनिंगोकॉकसचा तासांच्या. शिवाय मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या यातल्या जंतूंपैकी मोठ्या साथी घडवतो तो मेनिंगोकॉकसच. म्हणून सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘मेंदूज्वर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर साथीच्या अभ्यासकाला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन १८०५ मध्ये जिनिव्हात व्हिएसो यांनी केलं. १८८७ मध्ये व्हिएन्नात वाइक्सेलबाउम यांनी रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यातून जंतू वेगळा केला. पण नंतर जे हाती लागलं ते जास्त चक्रावणारं होतं. हा मारेकरी जंतू धडधाकट माणसांच्या घशातही सापडत होता. नाकामागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला तो महिनोन् महिने मुक्काम करतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एकाच्या घशात तो असू शकतो, आणि पंधरा ते पंचविशीच्या वयात हे प्रमाण सर्वाधिक असतं. यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. उलट, या मुक्कामातून शरीर प्रतिकार शिकतं. आजार होतो तो बहुधा घशात जंतू नव्याने आल्यावर पहिल्या काही दिवसांत, दोन ते दहा दिवसांच्या आत. जंतू अस्तर ओलांडून रक्तात शिरतो, आणि समोर ओळखीची प्रतिकारशक्ती नसते.

म्हणजे रुग्णालयात आलेल्या एका रुग्णामागे गावात पुष्कळ वाहक असतात. ते खोकत नाहीत, तापत नाहीत आणि कुठल्याच यादीत येत नाहीत. शाळेतलं गणित आठवा: अंश आणि छेद. रुग्णालयाला अंश दिसतो आणि तोही अर्धामुर्धा. छेद घरी झोपलेला असतो.

झोपलेला हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या जंतूच्या कहाणीत झोपेला फार महत्त्व आहे. साताऱ्याजवळचं आपशिंगे मिलिटरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्याच युद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या लष्करी छावण्यांत मेनिंगोकॉकसने धुमाकूळ घातला होता. नवे रंगरूट भरती होत, बराकी तुडुंब भरत, आणि काही आठवड्यांत पोरं पटापट पडू लागत. ग्लोव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरने कॅटरहॅमच्या छावणीत दोन गोष्टी मोजल्या: खाटांमधलं अंतर आणि घशातले जंतू. खाटा एक फुटाहूनही जवळ आल्या की वाहकांचं प्रमाण शंभरात विसाच्या वर जाई, आणि मग आजारी पडणारेही दिसू लागत. खाटा अडीच फुटांनी लांब केल्या, खिडक्या उघडल्या की तेच प्रमाण काही आठवड्यांत पाचाच्या खाली येई. तेव्हा ना लस होती ना पेनिसिलिन. हातात होती ती फूटपट्टी, आणि तिने माणसं वाचवली. वैद्यकाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या शोधांपेक्षा मला हा शोध जवळचा वाटतो, कारण तो कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरला उद्या सकाळी वापरता येईल.

आणि आपला मुलूख वसतिगृहांचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि त्यातून शिक्षणाचा केवढा वृक्ष झाला हे सांगायला नको. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्यातलीच, १९६१ मधली. आज कराड, मिरज, सांगली, इस्लामपूर इथे हजारो मुलंमुली खोल्या करून राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार गाद्या ही काही नवलाची गोष्ट नाही. मेनिंगोकॉकसचं आवडतं वय आणि आवडतं अंतर इथे एकत्र येतं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत वसतिगृहात जागा घ्यायची तर मेनिंगोकॉकसची लस घेतल्याचा दाखला मागतात. इथून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांच्या घरी हे नाव बहुधा पहिल्यांदा त्या फॉर्मवरच वाचलं जातं.

गर्दी म्हटलं की लोकांना आधी यात्रा आठवते, पालखी आठवते. माझ्या मते इथे फरक करायला हवा. बाजारातून किंवा दर्शनाच्या रांगेतून हा जंतू सहजासहजी पसरत नाही. घशातून उडणारे मोठे थेंब तीनेक फुटांत खाली पडतात, आणि संसर्गाला बहुधा तासन् तासांचा शेजार लागतो. एका खोलीतली झोप, एका पेल्यातलं पाणी, चुंबन. शिवाय हंगामही पाहायला हवा. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद-फलटणला येते ती आषाढाच्या तोंडावर, हवेत ओल असताना. मेनिंगोकॉकसचा हंगाम कोरडा, थंडी सरताना सुरू होणारा आणि उन्हाळ्यात टिपेला जाणारा. कोरड्या, धुळकट हवेने घशाचं अस्तर चिरतं आणि जंतूला वाट मिळते, असं मानलं जातं. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या ज्या पट्ट्याला मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या सुजेचा, पट्टा म्हणतात, तिथे साथ कोरड्या वाऱ्यांबरोबर चढते आणि पहिल्या पावसाबरोबर उतरते.

आपल्याकडे याच कोरड्या महिन्यांत कृष्णाकाठी गळीत हंगाम चालतो. बीडहून, नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबं कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहतात. कोपीत आईबाप, दोन-तीन लेकरं आणि कधी म्हातारी, सगळी एका वाकळेवर. इथे मेनिंगोकॉकसची साथ आली होती असं मी म्हणत नाही. पण मला कुणी या दोन जिल्ह्यांत नजर ठेवायला सांगितलं, तर मी वारीच्या वाटेवर न बसता फडावरच्या तळावर बसेन. त्या लेकरांना ताप आला की त्यांच्यापाशी गावचं कार्ड नसतं, ओळखीचा डॉक्टर नसतो, आणि आईची एक दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्याला उशीर व्हायची सगळी कारणं तिथे एका जागी असतात.

उशीर न करता पोचलेल्या रुग्णाचं काय होतं, तेही पाहू. या भागात गंभीर आजाराला एक वाक्य ठरलेलं आहे, ‘मिरजेला न्या.’ विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून हे वाक्य चालू आहे, आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर ते आणखी पक्कं झालं. जतहून, आटपाडीहून, पलीकडे अथणीहून माणसं येतात. उत्तरेकडची, पाटण-कोयनेच्या खोऱ्यातली कराड किंवा साताऱ्याचं सिव्हिल गाठतात. पण निघण्याआधी बहुतेकांना गावातल्या डॉक्टरने एक इंजेक्शन दिलेलं असतं. ते इंजेक्शन बरोबर प्रतिजैविकाचं असेल, तर त्याने जीव वाचू शकतो, आणि ते द्यायलाच हवं. मेनिंगोकॉकसचा नुसता संशय आला तरी तपासणीसाठी अडून न राहता औषध सुरू करायचं असतं. मात्र हा जंतू औषधापुढे इतका नाजूक आहे, की शिरेतून औषध गेल्यावर दोनेक तासांत मणक्यातल्या पाण्यात तो जिवंत सापडत नाही. रुग्ण मिरजेत पोचतो तेव्हा पाण्यात पू असतो, साखर उतरलेली असते, प्रथिनं चढलेली असतात, पण काचेच्या थाळीवर काहीच वाढत नाही. नोंद होते: ‘पू असलेला मेंदूज्वर, जंतू वाढला नाही.’ रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि मेनिंगोकॉकस आकडेवारीतून निसटतो.

तो निसटायच्या वाटा आणखीही आहेत. पहिली वाट भीतीची. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की यावर थांबून लिहायलाच हवं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई जाते त्याच्याही खाली. तिथे पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात, ते सुईपुढे बाजूला सरकतात. १८९१ मध्ये क्विंके यांनी ही पद्धत रूढ केली, तेव्हापासून जगभर रोज हजारो वेळा ती वापरली जाते. लुळेपणा येतो तो आजाराने, पाणी काढायला उशीर झाल्याने. पण नातेवाइकांना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दिसतात, आणि दोष सुईला जातो.

दुसरी वाट फ्रिजची. रुग्णालयात नमुना म्हणजे फ्रिज ही सवय हाडीमाशी भिनलेली असते. मणक्यातलं पाणी मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं. मेनिंगोकॉकस थंडीने मरतो. नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा असतो. जतच्या रुग्णालयातून बर्फात घालून, काळजीने पाठवलेला नमुना मिरजेला पोचेपर्यंत निकामी झालेला असतो. तिसरी वाट खाण्यापिण्याच्या लाडांची. या जंतूला वाढवायला बहुधा चॉकलेट अगर वापरतात. त्यात चॉकलेट काही नसतं. तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं, म्हणून ते नाव. शिवाय हवेत थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवा. महागडं उपकरण नसेल तिथे बरणीत थाळ्या ठेवून आत मेणबत्ती पेटवतात आणि झाकण घट्ट लावतात. मेणबत्ती विझते, तोवर आतली हवा जंतूला मानवेल अशी झालेली असते. कुणीतरी रात्री अकरा वाजता आठवणीने ती मेणबत्ती लावली, तरच सकाळी निदान होतं.

या पार्श्वभूमीवर देशातले आकडे वाचायला हवेत. २०१२ पासून काही वर्षं निवडक रुग्णालयांत पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या जंतुजन्य मेनिंजायटिसवर लक्ष ठेवलं गेलं. जंतू सापडला त्या मुलांत न्यूमोकॉकसचा वाटा फार मोठा होता, त्याखालोखाल हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) हा जंतू, आणि मेनिंगोकॉकस शंभरात तीनच्या आसपास. त्या पाहणीत मेलेल्या जंतूचाही माग काढणारी पीसीआर तपासणी वापरली होती, त्यामुळे हा आकडा हलक्यात घेता येत नाही. साथ नसताना लहान मुलांत हा आजार खरोखरच विरळ असावा. पण ‘साथ नसताना’ हे दोन शब्द त्या वाक्याचा कणा आहेत. १९६६ मध्ये दिल्लीत साथ आली. १९८५-८६ मध्ये पुन्हा आली, तेव्हा एकट्या दिल्लीत सहा हजारांवर रुग्ण झाले, आणि त्याच सुमारास मुंबई-सुरतेकडेही तिने डोकं वर काढलं. पुढे २००५ मध्ये पुन्हा दिल्ली, आणि २००८-०९ मध्ये मेघालय, त्रिपुरा. या साथींच्या मुळाशी ‘ए’ गटाचा मेनिंगोकॉकस होता. मधल्या वर्षांत सगळं शांत. नव्या पिढीच्या डॉक्टरांनी पुस्तकाबाहेर रुग्णच पाहिलेला नसतो. दोन साथींच्या मधल्या काळात साताऱ्यात किंवा सांगलीत एक रुग्ण पक्का सापडणं म्हणूनच मोलाचं. एका आकड्याला आकडेवारी म्हणत नाहीत हे खरं, पण इशारा एका आकड्याचाही असतो.

वॉर्डात असा रुग्ण आला की पहिली धांदल उडते ती कर्मचाऱ्यांची. सगळेच ‘आम्हालाही प्रतिबंधक गोळी द्या’ म्हणत येतात. भीती समजण्यासारखी आहे, पण नियम वेगळा आहे. रुग्णाला वेगळं किंवा किमान तीन फूट अंतरावर ठेवायचं, मास्क वापरायचा. योग्य औषध सुरू होऊन चोवीस तास झाले की तो इतरांना धोका देत नाही. रुग्णाच्या घशात नळी घालणारा डॉक्टर, तोंडाजवळचे स्राव अंगावर उडालेली परिचारिका, यांना गोळी हवी. दारातून जेवणाचं ताट देणाऱ्याला नको. रुग्णालयातल्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हा आजार गेल्याची उदाहरणं जगातही मोजकी आहेत. खरा धोका जिथे कुणी पाहत नाही तिथे असतो, प्रयोगशाळेत. १९८५ ते २००१ या काळात जगभरात प्रयोगशाळेत काम करताना हा आजार झाल्याच्या सोळा घटना शोधून काढल्या गेल्या. त्यातले आठ जण मेले. थाळीवर वाढलेल्या जंतूचे बारीक तुषार उघड्या टेबलावर श्वासात जातात, म्हणून हे काम बंदिस्त कपाटात करायचं. रात्री मेणबत्ती लावणाऱ्या त्या माणसाला मेनिंगोकॉकसची लस मिळालेली असणं मला अत्यंत गरजेचं वाटतं.

लशीची गोष्ट आपल्याला जवळची आहे. साताऱ्याहून महामार्गाने दोन-अडीच तासांवर हडपसर आहे. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या साथीने अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. तिथल्या सरकारांनी सांगितलं, लस अर्ध्या डॉलरच्या आत हवी, नाहीतर ती आम्हाला नसल्यासारखीच. त्या भावात लस करायला तयार झाली ती पुण्याच्या हडपसरमधली सीरम इन्स्टिट्यूट. तंत्र अमेरिकेच्या सरकारी संशोधकांकडून आलं, जंतूच्या कवचाची साखर धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडली गेली, आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मेनआफ्रिव्हॅक टोचायला सुरुवात झाली. नुसत्या साखरेच्या जुन्या लशी माणसाला वाचवत, पण घशातला मुक्काम हलवत नसत. या नव्या लशीने घसाच मोकळा केला. चाडमध्ये लसीकरण झालेल्या भागात आजार ९४ टक्क्यांनी कमी आढळला, आणि वाहकही जवळजवळ नाहीसे झाले. त्या पट्ट्यात २०१७ नंतर ‘ए’ गटाचा रुग्ण सापडलेला नाही. छेदातली, घरी झोपलेली माणसं इथे पहिल्यांदा हिशेबात धरली गेली होती. २०२३ मध्ये पुण्याच्याच पाच गटांच्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि पुढच्या वर्षी नायजेरियात ती वापरात आली.

आपल्या राष्ट्रीय लसीकरणात मेनिंगोकॉकसची लस नाही, आणि आजच्या आकड्यांवरून ती सरसकट असावी असं मलाही वाटत नाही. पण काही जणांना ही लस हवीच: अपघातात पाणथरी काढावी लागलेल्यांना, पूरक प्रथिनांची जन्मजात कमतरता असणाऱ्यांना, एचआयव्ही असणाऱ्यांना. हजला जाणाऱ्यांना तर ती सक्तीची आहे. १९८७ मध्ये ‘ए’ गट आणि २००० मध्ये ‘डब्ल्यू’ गट हाजींबरोबर देशोदेशी पोचला होता. आज मिरज-सांगलीहून निघणारे यात्रेकरू किमान दहा दिवस आधी चार गटांची लस घेऊन निघतात.

घरात ध्यानात ठेवायचं ते थोडकं आहे. ताप, मान ताठ, उजेड न सोसणं, उलट्या. तान्ह्या बाळात मान ताठ होईलच असं नाही. ते किरकिरतं, दूध सोडतं, टाळू फुगते. अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबावा. दाबूनही ते फिके पडले नाहीत, तर सकाळची वाट पाहू नये. सावळ्या अंगावर ठिपके लपतात, म्हणून तळहात, तळपाय, पापणीच्या आत आणि टाळ्यावर पाहावं. आणि ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये; पुष्कळांना ते उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

निदान झालं की काम रुग्णाच्या घरी सरकतं. घरच्यांपैकी हजारात साधारण चौघांना हा आजार होतो. ऐकायला आकडा लहान आहे, पण बाकीच्या लोकांच्या तुलनेत तो पाचशे ते आठशे पट आहे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या आठवड्यातच पडतात. म्हणून चोवीस तासांत त्यांना औषध द्यायचं: सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी, किंवा दोन दिवस रिफाम्पिसिन, किंवा सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनचं एक इंजेक्शन. २००५ च्या दिल्लीच्या साथीतल्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन नीट लागू पडत नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे शेवटच्या दोन पर्यायांकडे कल असावा. गर्भार बाईला इंजेक्शनच. औषध कुणाला द्यायचं ते ठरवायला तपासणी लागत नाही. आरोग्यसेविका कोपीच्या दाराशी किंवा वसतिगृहाच्या खोलीत बसते, वही उघडते आणि गेल्या सात दिवसांची चौकशी करते. बाजाराला कोण गेलं, पाहुणा कुठून आला, हे ती नंतर विचारते. तिचा पहिला प्रश्न असतो: रात्री कोण कुणाशेजारी झोपलं होतं?